कुत्र्यासाठी ताज्या जेवणाचा घरपोच डबा: नागपुरात सेवा निवडताना काय काय तपासायचं

मे महिन्यातली दुपार. मी हिंगण्याला ऑफिसात होते आणि आमच्या वॉचमनकाकांचा फोन आला, "ताई, तुमचा थर्माकोलचा डबा आला जी. गेटपाशी ठेवून दिला." घरी पोचायला सहा वाजले. डबा उघडला तर बर्फाच्या पिशव्यांचं कोमट पाणी झालेलं, चिकन-भाताची पाकिटं लिबलिबीत आणि त्यातलं एक फुगलेलं. कंपनीला फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, परत फ्रीझ करा, काही होत नाही." मी ते सगळं खड्डा करून पुरलं, कारण कचऱ्यात टाकलं असतं तर गल्लीतल्या कुत्र्यांनी खाल्लं असतं. चिमी, माझी बारा किलोची देशी कुत्री, त्या रात्री दही-भात खाऊन झोपली.

त्यानंतर दोन वर्षांत मी पाच वेगवेगळ्या सेवा वापरून पाहिल्या, तिघांना स्वतःहून नाही म्हटलं आणि आमच्या डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून भंडावलं. नागपुरात अशी सेवा निवडताना पाकिटावरचा फोटो किंवा "ह्यूमन ग्रेड" (माणसाने खाण्याजोगं) हे शब्द कामाचे नाहीत. दोनच गोष्टी बघायच्या: ते जेवण पोषणाच्या दृष्टीने पूर्ण आहे का, आणि ते तुमच्या दारापर्यंत थंड पोचतं का. बाकीचं सगळं या दोहोंच्या मागून येतं.

आधी ठरवा, गरज आहे का

चांगल्या प्रतीचं ड्राय फूड खाणारं, वजन बरोबर असलेलं, तुकतुकीत केसांचं, रोज घट्ट शी करणारं कुत्रं तुमच्या घरी असेल तर ताज्या जेवणावाचून त्याचं काही अडलेलं नाही. हे मी आधीच सांगते, कारण "ड्राय फूड म्हणजे विष" असं सांगून डबे विकणारे भेटतात आणि माणूस अपराधी वाटून पैसे भरतो.

फायदा कुठे दिसतो? म्हाताऱ्या, दात पडलेल्या कुत्र्यांना. खाण्याच्या बाबतीत नखरे करणाऱ्यांना. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी कमी पिणाऱ्यांना, कारण शिजवलेल्या जेवणात सत्तर-पंचाहत्तर टक्के पाणीच असतं. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, चिमी ड्राय फूडच्या वाटीकडे बघतसुद्धा नाही, पण ओलं जेवण खाते. मला ही सेवा लागते ती एवढ्याचसाठी.

कुत्र्याला किडनीचा त्रास, पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाची सूज), मूतखडा, मधुमेह यातलं काही असेल, कुत्री गाभण असेल किंवा घरी मोठ्या जातीचं पिल्लू असेल, तर आधी पशुवैद्यांकडे जा आणि मगच डबा लावा. आपल्याकडे सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचं. त्यांच्या दवाखान्यात पाळीव प्राणी तपासतात. माफसू या पशुविज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही याच शहरात आहे. पोषणाबद्दल विचारायला इतकी चांगली जागा महाराष्ट्रात फार थोड्या गावांना मिळाली आहे, तिचा उपयोग करा.

रोज किती लागतं याचा हिशेब

सेवा शोधायच्या आधी हा आकडा काढून ठेवा. कंपनीचा "फीडिंग चार्ट" त्यांच्या सोयीचा असतो, तुमचा आकडा तुमच्या कुत्र्याचा असतो.

मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरतो. वजन तीनदा गुणा: १२ × १२ × १२ = १७२८. त्याचं वर्गमूळ काढा, आलेल्या उत्तराचं पुन्हा वर्गमूळ काढा: साधारण ६.४५. त्याला ७० ने गुणा. आले ४५१. इतक्या किलोकॅलरी बारा किलोच्या कुत्र्याला नुसतं जगायला लागतात. आता याला गुणक लावायचा. नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला १.६, न झालेल्याला १.८, चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ३ आणि त्यापुढे वर्षभराचं होईपर्यंत २. चिमीची नसबंदी झाली आहे, म्हणून ४५१ × १.६ म्हणजे सुमारे ७२० किलोकॅलरी.

वजन कमी करायचं असेल तर गुणक १ आणि वजन आजचं नाही, जे असायला हवं ते धरायचं. माझ्या भावाचा लॅब्राडोर ब्रूनो बत्तीस किलोचा आहे, डॉक्टर म्हणतात अठ्ठावीस हवा. त्याला दिवसाला सुमारे ८५० किलोकॅलरी बसतात. एका सेवेने त्याला चौदाशे सांगितल्या होत्या. वहिनीने हा हिशेब करून पाहिला म्हणून बरं झालं.

हा आकडा सुरुवातीचा अंदाज आहे. फ्लॅटमध्ये दिवसभर झोपणाऱ्या कुत्र्याला यापेक्षा कमीही पुरतं. बरगड्यांवरून हात फिरवा: हलक्या हाताला बरगड्या मोजता आल्या आणि वरून पाहिल्यावर कंबर दिसली की ठीक. बरगड्यांसाठी बोटं रुतवावी लागत असतील तर दहा टक्के कमी करा आणि महिन्याने पुन्हा बघा.

नागपुरात मिळणारे चार प्रकार

पहिला, गावातलाच घरगुती डबा. कोणीतरी ताई-काकू घरी शिजवतात, व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेतात, मुलगा स्कूटीवरून आणून देतो. त्रिमूर्तीनगर, मनीषनगर, बेसा, धरमपेठ या भागांत चौकशी केलीत तर कोणी ना कोणी सापडतं. रोजचं रोज येतं, अंतर कमी, तेव्हा वाटेत खराब होण्याची भीती कमी. यांची अडचण पोषणाची असते.

दुसरा, मुंबई-पुणे-बंगळूरकडून गोठवून येणारी पाकिटं. पोषणाचा अभ्यास यांच्याकडे बरा असतो, पण वाट लांब. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, मुंबई-नागपूर ७०१ किलोमीटर, गाडी आठ-नऊ तासांत येते. पार्सल मात्र आठ तासांत येत नाही. ते गोदामात थांबतं, वर्गवारी होते, रविवार मध्ये आला की अजून एक दिवस.

तिसरा, रिटॉर्ट पाऊच. पाकीटबंद करून दाबाखाली सुमारे १२१ अंशांना निर्जंतुक केलेलं ओलं जेवण. न उघडलेलं पाकीट कपाटात राहतं, बर्फ लागत नाही. "ताजं" हा शब्द याला ओढूनताणून लावतात, पण एप्रिल ते जूनमध्ये बाहेरगावाहून काही मागवायचंच असेल तर मी हेच मागवीन. दर वेळी डबा उघडताना धडधड होत नाही.

चौथा, सुकवलेलं, ज्यात पाणी घालून भिजवायचं. महाग पडतं, प्रवासाला सोयीचं. यावर जास्त वेळ घालवत नाही.

पोषण पूर्ण आहे का, हे कसं ओळखायचं

इथे मी सगळ्यात जास्त वेळ देते, आणि तुम्हीही द्या. खराब जेवण बऱ्याचदा वासाने तरी कळतं, अपुरं जेवण कळत नाही. कुत्रं आनंदाने खातं, शेपूट हलवतं, आणि सहा महिन्यांनी पाय वाकलेले दिसतात.

मी एका घरगुती डबेवाल्या काकूंकडे गेले होते. स्वच्छ स्वयंपाकघर, प्रेमळ बाई, स्वतःची तीन कुत्री. मी विचारलं, "काकू, यात काय काय असतं?"

"चिकन, भात, गाजर, भोपळा, थोडी कलेजी. मीठ-तिखट काहीच नाही जी."

"आणि कॅल्शियमसाठी?"

"बोन ब्रॉथ घालते ना! आठ तास उकळते."

काकूंचा हेतू शंभर टक्के चांगला होता. पण हाडांच्या पाण्यात कॅल्शियम फारच थोडं उतरतं. आणि मांसात फॉस्फरस भरपूर असतं, कॅल्शियम जवळजवळ नसतं: शंभर ग्रॅम चिकनमध्ये फॉस्फरस दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास, तर कॅल्शियम दहा-पंधरा. कुत्र्याच्या जेवणात कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी हवं, म्हणजे १ ला १, आणि जास्तीत जास्त २ ला १. बाहेरून कॅल्शियम मिळालं नाही की शरीर ते हाडांतून ओढतं. मोठं कुत्रं काही काळ निभावतं. वाढत्या पिल्लाची हाडं ठिसूळ होतात, पाय वाकतात, सोफ्यावरून उडी मारली तरी मोडतात. नुसत्या चिकन-भातावर वाढवलेली अशी पिल्लं दवाखान्याच्या बाकावर मी पाहिली आहेत. त्यांच्या मालकांनी काटकसर केली नव्हती, ते रोज ताजं चिकन आणत होते.

कॅल्शियम एकटं नाही. जस्त, आयोडीन, तांबं, जीवनसत्त्व डी आणि ई, कोलीन, ओमेगा-३ हे घरगुती जेवणात हमखास कमी पडतं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या. ९५ टक्के पाककृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला, आणि त्यात पशुवैद्यांनी लिहिलेल्या पाककृतीही होत्या. "आज चिकन, उद्या अंडं, परवा मासा, म्हणजे सगळं मिळून जातं" हे आपण मानतो, पण सगळ्याच पाककृतींत तेच घटक कमी असतील तर आलटून पालटून देऊन ते भरून निघत नाहीत.

म्हणून सेवेला पहिला प्रश्न हा: हे "पूर्ण आणि संतुलित" जेवण आहे, की वरून घालायचं पूरक? पूर्ण असेल तर कुठल्या वयासाठी आणि कुठल्या मानकाप्रमाणे? बहुतेक जण अमेरिकेच्या आफ्को किंवा युरोपच्या फेडियाफ या पाळीव प्राण्यांच्या खाद्याची मानकं ठरवणाऱ्या संस्थांचं नाव सांगतात. सांगितलं तर चांगलंच, पण पुढे विचारा: पाककृती कोणी बसवली? उत्तरात पशुपोषणात एम.व्ही.एस्सी. किंवा त्यावरचं शिक्षण घेतलेली, कुत्र्यांच्या आहारावर काम करणारी व्यक्ती यायला हवी. सहा आठवड्यांच्या ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र त्या जागी चालत नाही. मग विचारा, जीवनसत्त्व-खनिजांचं मिश्रण कुठलं घालता, किलोमागे किती? "आम्ही काही केमिकल घालत नाही, सगळं नैसर्गिक" असं उत्तर आलं तर ते जेवण रोजचं नाही, वरून घालायचं समजा. वरून घालायचं म्हणजे दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांपर्यंत. चिमीच्या बाबतीत ७२ किलोकॅलरी, म्हणजे पळीभर.

त्या काकूंकडून मी अजूनही चिकन-भोपळा घेते, आठवड्यातून दोनदा, ड्राय फूडवर घालायला. आमच्या डॉक्टरांनी सुचवलेल्या पशुपोषण तज्ज्ञांशी त्यांची गाठ घालून दिली, आता त्या मिश्रण वापरायला शिकताहेत. चांगल्या हाताला शास्त्राची जोड मिळाली तर गावातला डबा बाहेरच्या पाकिटाला भारी ठरेल असं मला मनापासून वाटतं.

शाकाहारी घरांसाठी दोन शब्द. नागपुरात अशी पुष्कळ घरं आहेत जिथे कुत्रं आहे पण मांस फ्रीजमध्ये चालत नाही. कुत्रं शाकाहारावर जगू शकतं, पण तो आहार तज्ज्ञानेच बसवलेला हवा. वरण-भात-पोळीवर ते भागत नाही. नाहीतर आमच्या शेजारच्यांसारखं बाल्कनीजवळच्या खोलीत एक छोटा वेगळा फ्रीज. त्यांनी तो आजीशी बोलून, आजीच्या मर्जीनेच ठेवला.

लेबल वाचताना

पाकिटावर "प्रथिनं ९ टक्के" वाचून लोक दचकतात, कारण ड्राय फूडवर २४ लिहिलेलं असतं. ओल्या जेवणात पाणी जास्त, म्हणून तुलना पाणी वगळून करायची. पाकिटावर ओलावा ७२ टक्के असेल तर कोरडा भाग २८. नऊ भागिले अठ्ठावीस, म्हणजे ३२ टक्के. ड्राय फूडमध्ये ओलावा दहा, तेव्हा २४ भागिले ९०, म्हणजे २७. ताजं जेवण खरं तर वरचढ निघालं. याच्या उलट, पाच टक्के प्रथिनं आणि पंचाहत्तर टक्के पाणी असलेला भाताने भरलेला डबा २० टक्क्यांवर थांबतो. आफ्कोचं किमान प्रमाण मोठ्या कुत्र्याला १८ आणि पिल्लाला २२.५ टक्के आहे. म्हणजे हा डबा मोठ्याला कसाबसा चालेल, पिल्लाला नाही. स्निग्धांशही असाच काढा. जाड्या कुत्र्यांना आणि पॅन्क्रियाटायटिस होऊन गेलेल्यांना तोच आकडा सगळ्यात महत्त्वाचा.

शंभर ग्रॅममध्ये किती किलोकॅलरी, हे लिहिलेलंच नसेल तर विचारा. सांगता आलं नाही तर तिथेच थांबा. ज्यांना स्वतःच्या जेवणाच्या कॅलरी माहीत नाहीत ते तुमच्या कुत्र्याला किती द्यायचं हे सांगू शकत नाहीत.

आता एफएसएसएआयचा नंबर. तो पाकिटावर दिसला की आपल्याला हायसं वाटतं. पण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात "अन्न" या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेलं आहे. तो परवाना माणसांच्या खाण्याच्या व्यवसायाचा. त्यावरून कुत्र्याचं जेवण कोणी तपासलं असा अर्थ निघत नाही. कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस ११९६८. ते पाळता का, असं जरूर विचारा. त्याहून उपयोगी म्हणजे एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल: पोषण घटकांचा आणि साल्मोनेला, ई-कोलायसारख्या जंतूंचा. त्यावरची तारीख आणि पदार्थाचं नाव नीट वाचा. मला एकदा तीन वर्षं जुना, दुसऱ्याच पदार्थाचा अहवाल पाठवला होता.

घटकांच्या यादीत कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं किंवा झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) दिसलं तर नाव खोडा. गोचिडांसाठी लसूण घालतो असं काही जण अभिमानाने सांगतात. कांदा-लसणाने कुत्र्यांच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि शिजवून तो गुण जात नाही. कांद्याच्या बाबतीत वजनाच्या किलोमागे १५ ते ३० ग्रॅम इतक्यातच रक्तावर परिणाम दिसतो. घरातल्या मंडळींनाही हे सांगून ठेवा. तर्री-पोहे असोत की रविवारचा सावजी रस्सा, कुत्र्याच्या ताटलीत त्यातलं काही जाता कामा नये. "थोडंसंच दिलं गं" म्हणणारे आजोबा प्रत्येक घरात असतात. त्यांना प्रेमाने पण ठामपणे सांगायचं.

डाळी आणि वाटाण्यांवर उभं असलेलं "ग्रेन फ्री" जेवणही मी टाळते. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अशा आहारांचा आणि कुत्र्यांच्या हृदयविकाराचा संबंध तपासायला घेतला होता. कारण पक्कं सिद्ध झालं नाही, पण कुत्र्याला भात पचत असताना तो धोका का घ्यायचा?

कच्चं मांस देणाऱ्या सेवा

माझं उत्तर नाही असं आहे. गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही, नुसता झोपतो. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर कुत्र्याच्या तोंडातून, भांड्यातून, शीतून तो त्यांच्यापर्यंत जातो. आणि आपण नागपूरकरांनी एक गोष्ट विसरू नये. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, आणि तपासणीत एच५एन१ म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू सापडला. हा विषाणू कुत्र्यांनाही होऊ शकतो. नीट शिजवलेल्या मांसात तो टिकत नाही. शिजवताना मांसाच्या आतपर्यंत ७४ अंश तापमान जातं का, हा प्रश्न शिजवलेला डबा देणाऱ्यांनाही विचारा. आणि शिजवलेली हाडं डब्यात कधीच नकोत, त्यांच्या धारदार चिरफळ्या होतात.

थंडावा: इथे नागपूर वेगळं पडतं

अन्नातले जंतू ५ ते ६० अंशांच्या दरम्यान वाढतात, आणि अनुकूल तापमानात वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असं सांगतात, पण हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तीच मुदत एक तास होते. आपल्याकडे मार्च ते जून घरातसुद्धा ३२ च्या वर असतं, आणि मे महिन्यात बाहेर ४५. म्हणजे वर्षातले चार महिने तुमच्या हातात एक तास आहे.

सेवेला हे विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. पार्सल निघाल्यापासून नागपुरात दारात पोचेपर्यंत किती तास? हवाई मार्गाने की रस्त्याने? डब्यात जेलच्या पिशव्या की कोरडा बर्फ (ड्राय आइस), आणि तो किती तास टिकतो? मे महिन्यात नागपुरात पाठवल्याचा अनुभव आहे का? पोचवण्याची वेळ सकाळी दहाच्या आत मिळेल का? माल मऊ पोचला तर पैसे परत, की "पुढच्या ऑर्डरमध्ये ॲडजस्ट"? सोमवारी किंवा मंगळवारी पाठवतात का, हेही बघा. शुक्रवारी निघालेलं पार्सल रविवार गोदामात काढतं.

गावातल्या डब्याची वाट लहान, पण तिथेही प्रश्न आहेतच. शिजवून झाल्यावर दोन तासांत थंड करून फ्रीजमध्ये जातं का? मोठं पातेलं तसंच झाकून ठेवलं तर मधला भाग तासन् तास कोमट राहतो. पसरट ताटात काढून निववणारी बाई मला भेटली तेव्हाच मला तिच्यावर भरवसा बसला. आणि पोरगा स्कूटीवर डबे आणतो ते कशात? साध्या कापडी पिशवीत आणत असेल तर उन्हाळ्यात सकाळी आठच्या आतच घ्या.

एक डिजिटल किचन थर्मामीटर घ्या, टोकदार सळईचा. काहीशे रुपयांत मिळतो, आणि या सगळ्या लेखातली हीच एक वस्तू मी आग्रहाने घ्यायला सांगीन. पार्सल आलं की दोन पाकिटांच्या मध्ये सळई घाला, पाकीट फोडू नका. जेवण दगडासारखं कडक असेल तर सरळ फ्रीझरमध्ये. मऊ पण ५ अंशांच्या आत असेल तर फ्रीजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवा, पुन्हा गोठवू नका. पाचच्या वर असेल तर थर्मामीटरसकट फोटो काढा, कंपनीला पाठवा आणि ते जेवण देऊ नका. वास चांगला येतो म्हणून देऊ नका, कारण आजारी पाडणाऱ्या कित्येक जंतूंना वास नसतो. डब्यात कोरडा बर्फ असेल तर त्याला उघड्या हाताने शिवू नका (तो उणे ७८ अंशांचा असतो, कातडी भाजते) आणि तो विरून जाईपर्यंत खिडकी उघडी ठेवा, मुलांना लांब ठेवा.

वॉचमनकाकांना आधी सांगून ठेवा की असा डबा आला की गेटवर उन्हात नाही, केबिनमध्ये ठेवायचा आणि लगेच फोन करायचा. आमचे काका आता डबा हातात घेऊनच फोन करतात.

घरचा फ्रीझरही तपासा. चिमीला शंभर ग्रॅमला १३० किलोकॅलरीचं जेवण दिवसाला साधारण ५५५ ग्रॅम लागतं. पंधरा दिवसांचं झालं सव्वाआठ किलो. एवढी जागा आहे का? एकदारी फ्रीजमधला वरचा छोटा कप्पा बऱ्याचदा उणे १८ पर्यंत जात नाही, तिथे आठवड्याच्या वर साठवू नका. मे-जूनच्या वादळात वीज जाते, तेव्हा एक सोपी युक्ती: वाटीभर पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवा. गावाहून परत आल्यावर नाणं तळाला गेलेलं दिसलं, तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे. ते टाकून द्या.

पाकीट वितळवायचं ते आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ओट्यावर नाही. वाटीत काढल्यावर वीस मिनिटांत खाल्लं तर ठीक, नाहीतर उचला. उन्हाळ्यात मी सकाळी सहाला आणि रात्री आठनंतर देते. भर दुपारी ती खातही नाही.

किंमत किलोवर नाही, कॅलरीवर मोजा

धरून चाला की एक सेवा ४५० रुपये किलो, १३० किलोकॅलरी शंभर ग्रॅमला. गावातला डबा २२० रुपये किलो, पण पातळ, ८० किलोकॅलरीचा. हजार किलोकॅलरीला पहिल्याचे ३४६ रुपये पडतात, दुसऱ्याचे २७५. किलोचा भाव निम्मा, प्रत्यक्षातला फरक पाचवा हिस्सा. ३५० रुपये किलोचं, ३६० किलोकॅलरीचं ड्राय फूड तेवढ्याच कॅलरीला ९७ रुपयांत येतं. चिमीच्या महिन्याला हे अनुक्रमे सुमारे ७,५००, ५,९०० आणि २,१०० होतात.

हे आकडे पाहून दबून जाऊ नका. दोन्ही जेवणं "पूर्ण" असतील तर अर्धं-अर्धं देता येतं: १०० ग्रॅम ड्राय फूड आणि २७५ ग्रॅम ताजं. खर्च ४,८०० च्या आसपास, आणि फ्रीझरमध्ये अर्धीच जागा लागते. मी स्वतः मार्च ते जून असंच करते. पोहोच खर्च आणि डब्याची अनामत वेगळी आहे का तेही विचारून घ्या.

छोटी ऑर्डर, सावकाश बदल

तीन महिन्यांची वर्गणी आधी भरू नका, सवलत कितीही असो. दहा दिवसांपुरतं मागवा. पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवं आणि बाकी जुनं, मग निम्मं, मग पाऊण, आठव्या-दहाव्या दिवशी पूर्ण. पोट नाजूक असेल तर दोन आठवडे लावा. मधे दुसरा नवा खाऊ देऊ नका, नाहीतर कशाने बिघडलं ते कळणार नाही.

शी बघा, रोज. घट्ट, उचलली तर जमिनीवर फारसा डाग न ठेवणारी हवी. एखाद दिवस सैल झाली तर एक पायरी मागे जा. रक्त दिसलं, वारंवार उलटी झाली, पाठ कमानीसारखी करून पोट धरून उभं राहिलं किंवा दिवसभर खाल्लं नाही, तर दुसरा दिवस उजाडायची वाट न बघता दवाखान्यात न्या. दर महिन्याला वजन करा: कुत्र्याला उचलून घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकट्याने, आणि वजाबाकी करा. मोठ्या कुत्र्याला दवाखान्याच्या काट्यावर न्या, बहुतेक ठिकाणी नुसत्या वजनाचे पैसे घेत नाहीत.

दोन सवयी मी लावून घेतल्या आहेत. एक म्हणजे घरात ड्राय फूडचं एक छोटं पाकीट कायम राखीव असतं आणि पूर्ण ताजं जेवण चालू असेल तेव्हाही आठवड्यातून एकदा त्यातलं थोडं चिमीला देते, म्हणजे पावसाने डबा अडला तर तिच्या पोटाला ते अनोळखी नसतं. दुसरी, प्रत्येक नव्या खेपेतलं चमचाभर जेवण मी झिपच्या पिशवीत, वर बॅच नंबर आणि तारीख लिहून, फ्रीझरच्या कोपऱ्यात ठेवते. ती खेप संपून आठवडा झाला की टाकते. कधी चिमी आजारी पडलीच, तर डॉक्टरांच्या हातात तपासायला तो नमुना असेल.